पत्त्याची तिसरी ओळ

हिराताई ओव्हाळ यांच्यावर कुणी काही लिहावं असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "लिहा की. माझी शोभा व्हायची ती सगळ्या पुण्यात झालीच आहे. लेखी राहिली होती तेवढी." मग काही दिवसांनी स्वतःच विषय काढून म्हणाल्या, "पण लिहिलंत तर पूर्ण लिहा. लोकांना दसऱ्याचा किस्सा तेवढा ठाऊक आहे, आणि ते हसतात. पुढचं कुणी विचारत नाही." म्हणून पूर्ण लिहितो आहे.

मंडईच्या मागच्या गल्लीत पाण्याचे फिल्टर विकण्याचं आणि दुरुस्त करण्याचं आमचं दुकान आहे, 'निर्मळ सर्व्हिस' नावाचं. आमचं म्हणजे मालक अभय पटवर्धन यांचं. मी बँकेतून निवृत्त झाल्यावर तिथे हिशेब बघायला जाऊ लागलो. घरी बसून स्वयंपाकात नाक खुपसण्यापेक्षा ते बरं, असं माझ्या बायकोचं मत पडलं. दुकानात शिरल्यावर डाव्या हाताला हिराताईंचं टेबल. तक्रारीचे फोन त्याच घ्यायच्या, कुठला मेकॅनिक कुठल्या घरी जाणार हे त्याच ठरवायच्या, आणि एकदा ठरवलं की अभयरावांचीही ते बदलायची टाप नसायची.

दुकानात तेव्हा जुनं सॉफ्टवेअर होतं. काळा पडदा, पांढरी अक्षरं, माउसचं नाव नाही. सदाशिव पेठेतल्या एका गृहस्थांनी ते कधीकाळी लिहून दिलं होतं. पुढे ते गृहस्थ मुलाकडे ऑस्ट्रेलियात गेले आणि सॉफ्टवेअर आमच्याकडे राहिलं. त्यात काय कुठे आहे हे जगात फक्त हिराताईंना माहीत होतं. पलीकडचा माणूस "हॅलो" म्हणेपर्यंत त्यांनी आवाज ओळखून त्याचं पान उघडलेलं असायचं. बोटं अशी चालायची की नवे मेकॅनिक चहा हातात धरून बघत उभे राहायचे.

या गोष्टीचा त्यांना अभिमान होता, आणि असायला हरकत नव्हती. वडील खडकीला कारखान्यात हातगाडी ओढायचे. विश्रांतवाडीच्या त्यांच्या वस्तीत कंप्युटरवर बसून नोकरी करणारी पहिली बाई म्हणजे हिराताई. दर वर्षी भीमजयंतीच्या आधी विहारात मुलामुलींसाठी मार्गदर्शन असायचं, तिथे त्यांना पुढे बसवत. त्या उभ्या राहून सांगायच्या, "यंत्राला घाबरू नका, आणि येत नसेल तर विचारायला लाजू नका." मुलं टाळ्या वाजवायची. ही वाक्यं त्यांनीच मला सांगितली. सांगताना मान खाली होती.

आता ती तिसरी ओळ.

जुन्या सॉफ्टवेअरमध्ये पत्त्याला तीन ओळी होत्या. त्यातल्या पहिल्या दोनच गिऱ्हाइकाच्या पावतीवर छापल्या जायच्या. तिसरी फक्त मेकॅनिकच्या चिठ्ठीवर यायची. ही त्या ऑस्ट्रेलियावासी गृहस्थांची चूक होती की सोय, कुणास ठाऊक. हिराताईंनी तिचा उपयोग सुरू केला तो अगदी सरळ मनाने. "मारुतीच्या देवळासमोर." "शाळेच्या मागचं फाटक." मग "कुत्रा आहे." मग "बेल बंद, कडी वाजवा." इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं, कारण त्या सॉफ्टवेअरला दुसरं काही यायचं नाही.

आणि मग हळूहळू त्यांच्या हाताला चव आली. "चहा विचारतात, देत नाहीत." "काकू स्वतःच मेकॅनिक आहेत. आपण फक्त पाना धरायचा." "सर आधी पावतीतलं शुद्धलेखन तपासतात, मग पाणी." सकाळी चिठ्ठ्या वाटताना मेकॅनिक त्या मोठ्यांदा वाचायचे आणि दुकान हसायचं. मीही हसायचो. खोटं कशाला सांगू, सकाळी वेळेवर पोचण्याचं माझं ते एक कारण होतं. हिराताई कधी हसायच्या नाहीत. तोंड सरळ ठेवून पुढचा फोन घ्यायच्या. पण कानांना सगळं ऐकू येत असायचं, आणि दुसऱ्या दिवशी नवी ओळ तयार असायची.

बापूराव ढमढेरे विश्रांतवाडीचेच, हिराताईंच्या घरापासून फार लांब नाही. एसटीत होते. स्वारगेटच्या स्थानकात गाड्यांची घोषणा करण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. बायको वारली, मुलगा हैदराबादला. त्यांचा फोन महिन्यातून एकदा तरी यायचाच. कधी धार बारीक झालेली, कधी आवाज येतो, कधी पाण्याला वास. मेकॅनिक जाऊन बघायचा तर फिल्टर ठणठणीत. मग चहा, मग पोहे, आणि कुठली गाडी कुठल्या फलाटावरून कधी सुटायची, त्या काळात कोण ड्रायव्हर होता, तो घाटात कसा चालवायचा. उठू द्यायचेच नाहीत. वाघोलीकडून येणारा आमचा मेकॅनिक साईनाथ एकदा वैतागून आला आणि म्हणाला, "अवो ताई, त्या बाबांच्या फिल्टरला काय बी झालेलं नस्तंय. सगळी दुपार खाल्ली माझी. आता मला कोल्लापूरची गाडी कवा सुटती त्ये इचारा, सांगतो."

त्यावर हिराताईंनी बापूरावांच्या पत्त्यात लिहिलं, "बिघाड यंत्रात नसतो, बोलायला माणूस हवा असतो. तीनदा फोन आल्याशिवाय जाऊ नये."

दुसऱ्या दिवशी साईनाथने ते वाचून दाखवलं तेव्हा एवढा हशा झाला की अभयराव केबिनमधून बाहेर आले; चिठ्ठी मात्र त्यांना कुणी दाखवली नाही. हिराताईंना त्या दिवशी बरं वाटलं होतं. हे वाक्य माझं नाही, त्यांचं आहे. "बरं वाटलं होतं हो मला," असं त्या म्हणाल्या.

नवं सॉफ्टवेअर आलं ते जुना कंप्युटर अधूनमधून मान टाकायला लागला म्हणून. अभयरावांनी एका कंपनीशी बोलणं केलं आणि त्यांच्याकडून सृष्टी नावाची मुलगी आली. यवतमाळची, वाघोलीला मैत्रिणींबरोबर राहणारी, बोलायला गोड आणि फार भरभर. "मॅडम, टेन्शन नका घेऊ, एकदम सोपं आहे. इथं क्लिक केलं का हे उघडते, मग फिल्टर लावायचं, मग सेव्ह. समजलं ना?"

"हो, समजलं," हिराताई म्हणाल्या.

काही समजलं नव्हतं. फिल्टर लावायचं म्हणजे काय, हेसुद्धा नाही; त्यांच्या आयुष्यात फिल्टर भिंतीला लावतात. माउस हातात धरला की बाण पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन लपायचा. अक्षरं बारीक, रंग फिके, आणि जरा वेळ हात थांबला की ते बाहेर काढून पुन्हा पासवर्ड मागायचं. त्यांना खरं तर एवढंच म्हणायचं होतं, की बाई गं, सावकाश सांग, पुन्हा सांग. पण समोर साईनाथ उभा होता, मी होतो, अभयराव होते. ज्यांनी इतकी वर्षं आपली बोटं बघितली त्यांच्यासमोर ते तोंडातून निघेना.

मग त्यांनी एक युक्ती केली. सृष्टी असली की मान डोलवायची. ती गेली की सगळ्या तक्रारी गुपचूप जुन्या पडद्यावर घ्यायच्या. दुपारी दुकान बंद असतं तेव्हा डबा न खाता एकेक तक्रार नव्यात भरायची, एका बोटाने, दर अक्षराला वर बघत. मी एकदा विसरलेला चष्मा घ्यायला परत आलो तर त्या पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बसलेल्या. मला बघून त्यांनी पटकन डबा उघडला. मीही चष्मा घेऊन काही न बघितल्यासारखा निघालो. तेव्हा बोललो असतो तर पुढचं टळलं असतं का, ठाऊक नाही. त्यांनी मला ऐकवलंच असतं काहीतरी.

हा सगळा सराव होता; नवं सॉफ्टवेअर खरोखर सुरू करायचं ठरलं ते दसऱ्याला. त्याआधी जुन्यातली सगळी नावं, तक्रारी आणि पत्ते सृष्टीने काढून एका शीटमध्ये ठेवले. शीट हिराताईंना पाठवून ती म्हणाली, "मॅडम, हे एकदा पूर्ण बघून घ्या. ती तिसरी ओळ आहे ना, त्याच्यात लँडमार्क दिसून राहिले मला. वरचे काही वाचले, मंदिर, शाळा, असंच आहे. ठेवायचं का काढायचं?"

शीट उघडली. पडद्यावर बारीक रकाने आले. तिसरी ओळ होती ती उजवीकडे, पडद्याच्या बाहेर कुठेतरी. तिथे जायचं कसं, हे हिराताईंना येत नव्हतं. विचारायला एक वाक्य लागलं असतं. त्या सगळी सकाळ ती शीट उघडी ठेवून बसून राहिल्या, मधूनच माउस हलवत, म्हणजे बघणाऱ्याला काम चाललंय असं वाटावं.

"ओळ आठवली नाही असं नाही," त्या मला म्हणाल्या. "चांगली आठवली. पण म्हटलं, जुन्यात ती कुणाला दिसायची नाही, नव्यातही दिसणार नाही. आणि ती काढा म्हणून सांगायचं, तर मला स्वतःला का काढता येत नाही हे आधी सांगावं लागलं असतं."

संध्याकाळी त्यांनी सृष्टीला फोन करून सांगितलं, "सगळं तपासलं. बरोबर आहे. ठेवा."

खंडेनवमीला आम्ही पान्यांची, ड्रिलची आणि जुन्या कंप्युटरची पूजा केली. हिराताईंनी त्याच्या डोक्यावर झेंडूचं फूल ठेवलं. दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या सकाळी सगळे नवे कपडे घालून जमलो आणि अभयरावांनी नव्या पडद्यावर बटण दाबलं. पेढे वाटले. त्या बटणाबरोबर आमच्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर व्हॉट्सअॅप गेला. निर्मळच्या नव्या सेवेत आपले स्वागत, आपला पत्ता खालीलप्रमाणे नोंदवला आहे, कृपया तपासून घ्यावा. आणि खाली पत्ता. तिन्ही ओळी.

पेढा तोंडात असतानाच पहिलं उत्तर आलं. "पत्ता बरोबर आहे. चहाविषयीची नोंद चुकीची असून आपल्या माणसाने दोन कप घेतले होते." त्यानंतर फोन थांबेनात. शुद्धलेखनवाल्या सरांनी आमचाच मजकूर दुरुस्त करून परत पाठवला आणि खाली लिहिलं, "स्वागत असे करतात हे ठाऊक नव्हते." मेकॅनिक काकू तर पैठणी नेसून स्वतः दुकानात आल्या. "मी मेकॅनिक आहे ना इथली? मग म्हटलं, दसऱ्याची पूजा झाली असेल, माझा पाना घेऊन जावा."

आज हा किस्सा लोक मिटक्या मारत सांगतात. त्या दिवशी दुकानात कुणी हसलं नाही. साईनाथ भिंतीकडे तोंड करून उभा होता. अभयरावांचा चेहरा लाल झाला होता. "हे काय आहे? हे आलं कुठून?"

हिराताई म्हणाल्या, "नव्या सॉफ्टवेअरनंच काहीतरी घोळ घातलाय."

अभयरावांनी तिथूनच सृष्टीला फोन लावला आणि सणाच्या दिवशी त्या पोरीला असं काही बोलले की शेजारचा दुकानदार डोकावून गेला. फोन स्पीकरवर होता. ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती, "सर, मी मॅडमला विचारलं होतं. मॅडमनं तपासलं होतं."

"हिराताईंचं नाव घेऊ नका," अभयराव ओरडले. "त्यांच्या हातून इतक्या वर्षांत एक पत्ता चुकला नाही."

हिराताई टेबलाशी उभ्या होत्या. आपली बाजू घेतली जातेय हे ऐकताना माणूस असा मेल्याहून मेल्यासारखा दिसलेला मी दुसरा पाहिला नाही. पण बोलल्या नाहीत, आणि रोज हसणारे आम्हीही बोललो नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. अभयराव सृष्टीच्या कंपनीला तक्रार लिहायला बसले, तिला कामावरून काढा असंच त्यात होतं, तेव्हाही नाही.

सृष्टी दुकानात आली ती डोळे सुजवून. हिराताईंच्या शेजारच्या खुर्चीवर बसून तिने एकेक पत्ता उघडला आणि तिसरी ओळ पुसत गेली. पुसायची म्हणजे वाचावी लागणारच. "पाना धरायचा"पर्यंत आली तेव्हा तिला सगळं कळलं असावं, कारण दुकानात असं बोलणारं माणूस एकच होतं. जाताना बॅग खांद्याला लावून ती हळूच म्हणाली, "मॅडम, मला सांगितलं असतं ना, तर मी पाच मिनिटात काढून दिलं असतं. कोणालेच नसतं समजलं."

तिच्या आवाजात राग असता तर सोपं गेलं असतं, असं हिराताई म्हणतात. राग नव्हता.

त्या तशाच उठून केबिनमध्ये गेल्या. दार लोटायचं विसरल्या म्हणून आम्हाला ऐकू आलं. "ते सगळं मी लिहिलंय. आणि मला ती शीट वाचताच येत नव्हती. मला यातलं काही येत नाही. त्या मुलीला काही करू नका."

अभयराव म्हणाले, "लिहिणारं कोण, ते मला दसऱ्यालाच कळायला हवं होतं. पुण्यात फुकट इतकं चांगलं कोण लिहितं? पण येत नाही हे आधी सांगायचंत, हिराताई. मला काय कंप्युटर येतो? मी बटण दाबलं फक्त." तक्रारीचं पत्र त्यांनी फाडलं. शिक्षा एकच दिली. ज्याच्या ज्याच्या पत्त्यात काही होतं, त्या प्रत्येकाला हिराताईंनी स्वतः फोन करून माफी मागायची.

त्यांनी मागितली. मी समोरच होतो. प्रत्येक फोनला आधी आपलं नाव, मग "ते मी लिहिलं होतं, चुकले." लोकांनी ऐकवून घेतलं आणि मग बहुतेकांनी सोडून दिलं. पुणेकराला एकदा वरचढ बोलून झालं की तो माणूस वाईट नसतो. चहाच्या नोंदीवाले आजोबा तर म्हणाले, या एकदा, चहा विचारणार नाही, थेट देतो.

बापूरावांचा फोन त्यांनी शेवटाला ठेवला होता. लावला. नाव सांगितलं. चुकले म्हणाल्या. पलीकडून आवाज आला, "बरं. हरकत नाही. ठेवू?"

आणि त्यांनी ठेवला. आमच्या दुकानाच्या आठवणीत बापूरावांनी स्वतःहून फोन ठेवल्याची ही पहिली वेळ.

पुढे हिराताई नवं सॉफ्टवेअर शिकल्या. सृष्टीकडूनच, सगळ्यांच्या देखत, चुकत आणि पुन्हा विचारत. तिला हसू आलं की म्हणायच्या, "हस, पण दाखव." पहिले काही दिवस त्यांचं तोंड कडू औषध घेतल्यासारखं असायचं. हिवाळा संपेपर्यंत बोटं पुन्हा चालायला लागली. आता मेकॅनिक चिठ्ठ्या मोबाईलवर बघतात, त्यात फक्त पत्ता असतो, आणि सकाळी दुकानात कुणी हसत नाही. काम मात्र झटपट होतं, हे मान्य करायला पाहिजे.

या नव्या सॉफ्टवेअरमध्ये एक गोष्ट होती. नावावर बोट ठेवलं की त्या माणसाच्या आजवरच्या सगळ्या तक्रारी एकाखाली एक दिसायच्या. बापूरावांच्या नावाखाली ओळीच ओळी होत्या, धार, आवाज, वास, पुन्हा धार. दसऱ्यानंतर पान कोरं. हिराताई दिवसातून एकदा तरी ते पान उघडायच्या. मी एकदा म्हटलं, "बरंय की, फिल्टर नीट चाललाय."

"हो," त्या म्हणाल्या, "नीटच असेल," आणि पान बंद केलं.

जाऊन भेटावं हे त्यांच्या मनात रोज यायचं. बसमधून उतरून घरी जायच्या वाटेवरच बापूरावांची सोसायटी. पण त्या एक थांबा पुढे जाऊन उतरायला लागल्या आणि मागच्या रस्त्याने घरी यायच्या. नवऱ्याने विचारलं तर म्हणाल्या, चालणं होतं. त्या वर्षी विहारात मार्गदर्शनाला बोलावलं तेव्हा तब्येतीचं कारण सांगून घरी बसल्या.

चैत्रात बापूरावांच्या फिल्टरची वर्षाची सर्व्हिसिंग आली. सॉफ्टवेअरने आपोआप निरोप पाठवला, उत्तर आलं नाही. पुन्हा पाठवला. मग हिराताईंनी फोन केला. "काही तक्रार नाही," ते म्हणाले, "सर्व्हिसची गरज नाही, तुमची माणसं कामात असतात." साईनाथला पाठवता आलं असतं. पण रविवारी सकाळी त्या स्वतः गेल्या. जिना चढताना काय बोलायचं ते त्यांनी नीट जुळवलं होतं. माफी फोनवर मागायची नसते, समोर मागायची असते, असं काहीतरी.

दार बापूरावांनीच उघडलं. उंच माणूस, अंगात धुतलेला पांढरा सदरा. "निर्मळमधून आले, हिरा ओव्हाळ," म्हटल्यावर ते बाजूला झाले. "या. फिल्टर आत आहे."

बसा म्हणाले नाहीत. टीव्ही बंद होता. खिडकीतून खालच्या रस्त्यावरच्या रिक्षा ऐकू येत होत्या. हिराताई स्वयंपाकघरात गेल्या आणि कसं सुरू करावं या विचारात सवयीने त्यांनी फिल्टरची तोटी फिरवली. पाणी आलं नाही. दिवा लागलेला नव्हता. बटण खालीवर केलं तरी लागेना. ओट्यावर मोठं पातेलं होतं, ताटलीने झाकलेलं, आणि शेगडीवर दुसऱ्यात पाणी उकळत होतं. त्या पातेल्याच्या आत कडेने पांढरा थर चढलेला. एका दिवसात चढतो तसा नव्हे.

"अहो, हे बंद आहे," त्या म्हणाल्या. "कधीपासून?"

बापूराव दारात येऊन उभे राहिले होते. "संक्रांतीच्या आधीपासून असेल. उकळून घेतो मी. काही अडत नाही."

"मग कळवलं का नाही? मी फोन केला होता ना? काही तक्रार नाही म्हणालात."

त्यांनी शेगडी बंद केली. फडक्याने पातेलं धरून खाली उतरवलं. स्थानकभर घुमणारा तो आवाज त्यांनी अगदी खाली आणला होता, समोरच्या बाईला अवघड वाटू नये अशा बेताने.

"या वेळी बिघाड खरा होता हो," ते म्हणाले. "पण तुम्हाला खरा वाटला असता का?"

जिन्यात जुळवलेलं सगळं बोलणं हिराताईंच्या डोक्यातून गेलं. वाटला असता, असं म्हणणं सोपं होतं. त्या म्हणतात, ते तोंडाशी आलंही होतं. शीट तपासली म्हणाल्या होत्या, घोळ सॉफ्टवेअरने घातला म्हणाल्या होत्या, तसंच तेही निघून गेलं असतं.

"नसता वाटला," त्या म्हणाल्या.

बापूरावांनी मान हलवली. "मग बरोबरच केलं मी," ते म्हणाले, आणि ओट्यावरच्या पातेल्यावरची ताटली काढून त्यांनी हिराताईंना पेलाभर पाणी दिलं.